भा. रा. भागवतांच्या आवृत्त्या : प्रस्तावना

प्रौढांच्या वाङ्मयाचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाला आपल्या उद्योगाची कैफियत कोणापुढे मांडावी लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित पोथ्या, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांची जुनी मुद्रणे किंवा केशवसुतांच्या कवितेच्या निरनिराळ्या आवृत्त्या ज्याच्या घरी आहेत, त्याच्या दारी अभ्यासक येतात, विद्यापीठाचे लोक येतात, आणि शेजारीपाजारीही त्याच्या कपाटाकडे आदराने पाहतात. मुलांच्या पुस्तकांचा संग्राहक या मान्यतेपासून अद्याप दूर आहे. आणि तो जर एकाच लेखकाचे एकच पुस्तक निरनिराळ्या मुद्रणांत जपून ठेवणारा असेल, तर एक प्रत घरात असताना दुसरी कशासाठी, हा प्रश्न त्याला घरच्या माणसांपासून रद्दीवाल्यापर्यंत सर्वजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. भा. रा. भागवत यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांविषयीची जी टिपणे पुढे एकत्र केली आहेत, ती या एका प्रश्नाचे उत्तर म्हणूनच वाचली जावीत अशी माझी इच्छा आहे, आणि त्या उत्तराचे सार आरंभीच सांगून टाकणे उचित होईल: मुलांच्या पुस्तकाच्या प्रतीत लेखकाचे शब्द असतात हे तर खरेच, परंतु ज्या मुलांच्या हातांतून ती गेली त्यांच्या वाचनाचा तोच बहुधा एकमेव लेखी दाखला असतो, आणि हा दाखला सांभाळण्याचा भार कोणत्याही दप्तरखान्याने पुरतेपणी उचललेला नसल्यामुळे तो वाचकांनी आपल्या अंगावर घेतला पाहिजे.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला आणि २००१ साली ते निवर्तले. या नऊ दशकांच्या आयुष्याचा फार मोठा भाग त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात वेचला. ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक त्यांनी चालवले, त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनीही बालवाङ्मयाच्या क्षेत्रात आपले स्वतंत्र स्थान निर्माण केले, आणि अशा रीतीने मुलांच्या वाचनाची चिंता वाहणारे एक अवघे घर मराठीला लाभले. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच ‘फास्टर फेणे’, हा त्यांचा मानसपुत्र वीस पुस्तकांतून धावला; बिपिन बुकलवार हा पुस्तकांचे वेड घेतलेला मुलगा त्यांनीच आम्हांला दिला; आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांची त्यांनी केलेली रूपांतरे, म्हणजे ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’, ही तर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना पृथ्वीच्या पोटात आणि अंतराळात नेणारी वाहने ठरली.

अशा लेखकाला अद्भुताचा लेखक म्हणावे काय, अशी शंका कोणी काढील. फेणे हा सायकलवर बसणारा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, हाडामासाचा मुलगा आहे. त्याच्यापाशी जादूची कांडी नाही आणि त्याला उडते घोडेही भेटत नाहीत. तथापि अद्भुतरसाची व्याख्या परी आणि राक्षस यांच्यापुरती आकुंचित करणे मला मान्य नाही. ज्या कथेत मुलाचे शरीर, बुद्धी आणि धैर्य त्याच्या नित्याच्या मर्यादा ओलांडून जाते, आणि वाचणाऱ्या मुलाला ते ओलांडणे आपल्याही आवाक्यातले वाटू लागते, ती कथा अद्भुतच होय. भागवतांनी एकीकडे व्हर्न आणि वेल्स यांच्या वैज्ञानिक अद्भुताला मराठी वेष चढवला, ‘उडती छबकडी’सारखी स्वतःची कल्पनाकथा रचली, आणि दुसरीकडे त्या अद्भुताला फुरसुंगीच्या एका किडकिडीत मुलाच्या अंगी उतरवले. हे दोन्ही प्रवाह एकाच उगमातून निघालेले आहेत, हे त्यांची पुस्तके एकत्र ठेवून वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. सुटी सुटी वाचणाऱ्याच्या ते सहसा येत नाही. संग्रहाचा हा एक प्राथमिक लाभ आहे.

मी मुलुंडचा रहिवासी आहे, आणि भागवतांच्या व्हर्न-मालिकेतील ‘ऐंशी दिवसांत जगाची चक्कर’ या पुस्तकाविषयी माझ्या मनात जी विशेष आपुलकी आहे तिचे कारण भौगोलिक आहे. व्हर्नने ही कादंबरी १८७२ साली लिहिली. तिचा नायक फिलियस फॉग हा २० ऑक्टोबर १८७२ रोजी बोटीने मुंबईस उतरतो आणि त्याच रात्री आठ वाजता सुटणाऱ्या आगगाडीने कलकत्त्याच्या दिशेने निघतो. मूळ कादंबरीत व्हर्नने या लोहमार्गाचे वर्णन करताना साष्टीचे नाव घेतले आहे: गाडी मुंबई सोडते, साष्टी बेटातून जाते, ठाण्यासमोर खाडी ओलांडून मुख्य भूमीला लागते आणि मग घाट चढते. ज्या मार्गावरून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही या देशातील पहिली उतारूगाडी धावली तोच हा मार्ग. आज त्याच मार्गावर घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड ही आमची वस्ती पसरलेली आहे. ज्या लेखकाने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही त्याने फ्रान्समध्ये नकाशे आणि प्रवासवर्णने पुढे घेऊन आमच्या दारावरून एक गाडी नेली, आणि भागवतांनी ती कथा आमच्याच भाषेत आमच्या मुलांच्या हाती दिली. ही गोष्ट उपनगरातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते. मुलांना आपले गाव जगाच्या कथेत सापडणे ही सामान्य घटना नव्हे.

व्हर्नच्या बाबतीत आणखी एक संबंध येथे नमूद करणे अवश्य आहे. ‘समुद्रसैतान’ वाचून ज्या मुलाने कॅप्टन नेमोवर जीव लावला, त्याला हा पाणबुडीचा स्वामी कोण, कोठला, याचा पत्ता त्या पुस्तकात लागत नाही, कारण व्हर्ननेही तो मूळ कादंबरीत दिला नव्हता. १८७४–७५ मध्ये आलेल्या पुढच्या एका कादंबरीत त्याने उलगडा केला, तो असा की नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र असून १८५७ च्या उठावात त्याने सर्वस्व गमावलेले आहे. हा उलगडा ठाऊक झाल्यावर जुने पुस्तक परत उघडले म्हणजे त्यातील प्रत्येक पान वेगळ्या अर्थाने वाचावेसे वाटते. एका पुस्तकाने दुसऱ्याचा अर्थ बदलतो, हे सर्वांना मान्य असते. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांनीही तो बदलतो, हे मान्य करून घेण्यास मात्र परिश्रम पडतात.

यासाठी परदेशातील दोन उदाहरणे उपयोगी पडतील. टोल्किनचे ‘द हॉबिट’ हे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील गुहेतला गोलम हा कोड्यांच्या पैजेत हरल्यावर आपली अंगठी देऊ करण्याइतका सचोटीचा होता, आणि ती सापडेना तेव्हा त्याने नायकाला बाहेर पडण्याची वाट दाखवली. पुढे त्याच अंगठीभोवती मोठी महाकादंबरी रचताना लेखकाला हा सचोटीचा गोलम परवडेना; म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण त्याने बदलले, आणि तेव्हापासून जगातील मुले दुसराच गोलम वाचत आली. ज्याच्यापाशी पहिल्या आवृत्तीचा मजकूर नाही त्याला ही फेरफाराची कथा केवळ ऐकीव माहिती म्हणून स्वीकारावी लागते. त्याही आधी, १८६५ साली, लुइस कॅरलच्या ‘ॲलिस’ची पहिली छपाई चित्रकार जॉन टेनियल याला चित्रे नीट उठली नाहीत म्हणून पसंत पडली नाही, आणि वाटलेल्या प्रती परत मागवण्यात आल्या. ज्या थोड्या प्रती परत आल्या नाहीत त्या आज ग्रंथविश्वातील दुर्मिळ वस्तू आहेत. एका चित्रकाराच्या नापसंतीमुळे पुस्तकाचा इतिहास बदलतो, याचा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण मुलांच्या पुस्तकात चित्रकार हा निम्मा ग्रंथकार असतो हे आपल्याकडे आजही पुरेसे मानले जात नाही.

फेण्याच्या बाबतीत तर चित्राचा प्रश्न अधिकच गहन होतो. भागवतांनी शब्दांत उभा केलेला तो हडकुळा, चपळ, ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा मुलगा प्रत्येक मुखपृष्ठावर थोडा निराळा दिसतो: त्याच्या अंगावरचा पेहराव, त्याच्या सायकलची घडण, त्याच्या मागे काढलेले रस्ते आणि वाहने ही त्या त्या काळच्या चित्रकाराने आपल्या भोवतालातून उचललेली असतात. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली आणि सुमीत राघवन या बालनटाचा चेहरा त्या पिढीच्या मनात फेणे म्हणून कायम झाला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला आणि अमेय वाघ यांनी फेण्याला तरुण केले. ज्यांनी मालिकेपूर्वी पुस्तक वाचले, ज्यांनी मालिकेनंतर वाचले आणि ज्यांनी चित्रपट पाहून पुस्तकाकडे मोर्चा वळवला, त्या तिघांचे फेणे तीन आहेत. बालसाहित्याची परंपरा याच मार्गाने जिवंत राहते, आणि उत्कर्ष प्रकाशनाने ही मालिका नव्या वाचकांना उपलब्ध ठेवली याबद्दल मराठी पालकांनी कृतज्ञ असावयास हवे. परंतु नवा संच घरात आला म्हणून जुनी सुटी पुस्तके बाहेर काढावीत हा विचार मला मुळीच रुचत नाही. आजोबांचा फेणे आणि नातीचा फेणे एका कपाटात शेजारी शेजारी उभे असावेत. त्यांची तुलना करण्याचा अधिकार त्या नातीला आहे, आणि पुस्तक टाकून देऊन तो आपण तिच्याकडून काढून घेतो.

ग्रंथसंग्रहाच्या रूढ शास्त्रात प्रतीची किंमत तिच्या निर्दोषपणावर ठरते. पान दुमडलेले नसावे, नाव घातलेले नसावे, वाचनालयाचा शिक्का तर नसावाच नसावा. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या १९९७ सालच्या पाचशे पुठ्ठाबांधणीच्या प्रतींपैकी सुमारे तीनशे ग्रंथालयांत गेल्या, आणि आज बाजारात ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या प्रतीला कोऱ्या प्रतीहून कमी मोल येते. व्यापाराच्या दृष्टीने हे ठीक असेल. मुलांच्या पुस्तकांच्या अभ्यासाला मात्र हा नियम उलटा लावला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. मुलाचे कोरे राहिलेले पुस्तक हे न वाचलेले पुस्तक होय. ते शाबूत राहिले याचे कारण ते कोणाला आवडले नाही, किंवा कोणाच्या हाती लागले नाही, किंवा वडीलधाऱ्यांनी ते कुलपात ठेवले. उलट ज्या प्रतीचे मुखपृष्ठ गळाले, जिच्या कडा पिवळ्या चिकटपट्टीने सांधल्या, जिच्या समासात कोणी जलनौकेचे चित्र काढले आणि जिच्या शेवटच्या पानावर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत तीन भावंडांची नावे आहेत, ती प्रत आपली सनद आपल्याच अंगावर वागवीत असते. पहिल्या पानावर ‘चि. यास मुंजीनिमित्त मामाकडून सप्रेम भेट’ असे लिहिलेले असते. कधी शाळेचे बक्षिसाचे चिकटपत्र असते, त्यावर इयत्ता आणि साल असते. कधी वाचनालयाचा दाखल क्रमांक आणि पुस्तक परत करण्याच्या तारखांचे पत्रक असते, आणि त्या तारखा एकापाठोपाठ एक वाचल्या की मे महिन्याच्या सुट्टीत हे पुस्तक एका घरात आठवडाभरही टिकले नाही हे आपोआप सिद्ध होते. वाचनाच्या इतिहासाला याहून अस्सल कागद कोणता हवा? समीक्षक काय म्हणाले हे नियतकालिकांत सापडते. मुलांनी काय केले हे फक्त येथे सापडते.

अशा प्रतींचा काळ ठरवणे हे संग्राहकाचे सर्वांत आनंददायक काम आहे, आणि त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी मी घेतो, कारण आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांवर मुद्रणाचे साल कित्येकदा घातलेलेच नसते, किंवा ज्या पानावर ते होते ते पान सर्वांत आधी फाटलेले असते. साल हरवले तरी पुस्तक मुके होत नाही. प्रथम किंमत पाहावी. किंमत रुपये-आण्यांत असेल तर मुद्रण बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली, ‘न. पै.’ ही अक्षरे असतील तर ते १९५७ ते १९६४ या दरम्यानचे, कारण जून १९६४ पासून ‘नवे’ हे विशेषण सरकारने काढून टाकले. मग प्रकाशकाचा पत्ता पाहावा. ‘मुंबई ४’ असा आकडा असेल तर तो टपाल खात्याच्या जुन्या विभागांचा. ‘४००००४’ असे सहा अंक असतील तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोडाची पद्धती त्या दिवशी सुरू झाली. यानंतर लेखनाकडे वळावे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे जे नियम ठरवले त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ अशी टिंबांनी सजलेली अक्षरे ज्या पुस्तकात आहेत त्याची जुळणी या नियमांचा अंमल बसण्यापूर्वीची, अथवा जुन्या वळणाच्या जुळाऱ्याने केलेली, असे मानण्यास हरकत नाही. एकाच कथेच्या दोन मुद्रणांत, एकात अनुस्वार असून दुसऱ्यात नसले, तर मधल्या काळात मजकूर नव्याने जुळवला गेला हे निश्चित होते, आणि नव्याने जुळवताना शब्द बदलले काय, वाक्ये गळाली काय, हे ओळीस ओळ लावून पाहण्याची निकड उत्पन्न होते. हे काम डोळ्यांना शिणवते खरे. परंतु भागवतांसारख्या लेखकाचे गद्य, ज्यात वाक्याची उडी हीच कथेची गती असते, ते अशा मुकाबल्याला पात्र आहे, यात मला तिळमात्र संशय नाही.

याखेरीज मलपृष्ठ. जुन्या बालपुस्तकांच्या मलपृष्ठावर ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ अशी यादी असते, आणि त्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही यावरून अधिक कळते: ज्या पुस्तकाचे नाव यादीत अद्याप आलेले नाही त्याच्या आधीचे हे मुद्रण, असा तर्क इतर खुणांशी जुळवून घेता येतो. खिळ्यांच्या छपाईत कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवले असता अक्षरांचा दाब जाणवतो. ऑफसेटच्या छपाईत तो जाणवत नाही. पिन मारलेली बांधणी, फर्म्यांचा आकार, लाइन ब्लॉकची चित्रे, कागदाचा वर्ण, या सर्वांची रुजवात एकमेकांशी घालावी लागते. एकाच खुणेवर विसंबून निवाडा देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे बहुतेक प्रतींचा काळ पाच-सहा वर्षांच्या मर्यादेत आणता येतो.

आता अशा जुन्या प्रती उपनगरातच का सापडतात, याचा विचार केला पाहिजे. मराठी मध्यमवर्गाची फार मोठी वसाहत गिरगाव, दादर आणि परळ सोडून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे येऊन स्थिरावली. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांनी या वस्तीला वाचनाची शिस्त लावली, आणि १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने शहरात जी परंपरा घातली होती तिचे धागे उपनगरांपर्यंत आले. दोन खोल्यांच्या घरात पुस्तकांना जागा माळ्यावरच मिळते. मुले मोठी झाली की त्यांची पुस्तके पत्र्याच्या पेटीत बंद होऊन वर चढतात आणि तेथे दोन पिढ्या स्वस्थ पडून राहतात. मुंबईची दमट हवा, कसर आणि वाळवी यांच्याशी झगडत, स्वस्त कागदातील आम्लाने आतून ठिसूळ होत, तरीही ती टिकतात, कारण त्यांना कोणी हात लावीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यांवरील घरांतली खालची कपाटे पाण्यात गेली आणि माळ्यांवरच्या पेट्या वाचल्या. त्या एका रात्रीत उपनगरांतील किती बालपुस्तके नष्ट झाली असतील याचा हिशेब कोणीही मांडलेला नाही, आणि तो आता मांडताही येणार नाही.

माळ्यांवर वाचलेल्या पुस्तकांवर मात्र आता दुसरा प्रसंग ओढवला आहे. जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू होऊन भाड्याच्या घरात तात्पुरते जाण्याची वेळ आली की प्रत्येक कुटुंबाला माळा रिकामा करावा लागतो, आणि त्या घाईत पितळेची भांडी निवडून ठेवली जातात, पण पुस्तके किलोच्या भावाने जातात. मी या कुटुंबांना दोष देत नाही. ज्या वस्तूचे मोल समाजाने कधी सांगितलेच नाही ती माणसे घाईत कशी निवडतील? माझे म्हणणे एवढेच की रद्दीच्या दुकानात आलेला तो गठ्ठा पिंजण्याच्या गिरणीकडे रवाना होण्यापूर्वी जे चार-आठ दिवस मधे असतात, तेवढीच संग्राहकाची मुदत आहे. अंधेरी स्थानकापासून आत जाणाऱ्या गल्ल्यांत, बोरिवलीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, घाटकोपरच्या बाजाराच्या पाठीमागे जी दुकाने आहेत, तेथील माणसांना आपण काय शोधतो हे एकदा नीट समजावून सांगितले की ती विलक्षण आस्थेने पुस्तके बाजूला काढून ठेवतात. पुढील टिपणांतील कित्येक प्रती त्यांच्या या सौजन्यामुळे वाचल्या आहेत, आणि त्यांचे ऋण मी अगत्यपूर्वक मान्य करतो.

कोणी म्हणेल की कायद्याने याची तजवीज केलेली आहे. १८६७ च्या कायद्यान्वये छापील पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे घालणे बंधनकारक झाले, आणि १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांस पाठवण्याचे कर्तव्य प्रकाशकांवर टाकले. कायदा उत्तम आहे. पण जो ग्रंथ पाठवलाच गेला नाही त्याला तो आणू शकत नाही, आणि लहान प्रकाशकांची, पिन मारलेली, थोड्या पानांची बालपुस्तके या जाळ्याच्या छिद्रांतून सहज निसटण्यासारखी असतात. आपल्या भाषेचे भाग्य असे की शंकर गणेश दाते यांच्यासारखा एकांडा पुरुष तिला लाभला, ज्याने १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली. दात्यांची सूची हाती घेतली की कोणाही संग्राहकाला आपल्या श्रमाचे प्रमाण कळून येते. पण ती १९५० पाशी थांबते, आणि भागवतांच्या लेखनाचा भर त्यानंतरचा आहे. म्हणजे ज्या पुस्तकांवर स्वातंत्र्योत्तर मराठी मुलांचे मन घडले, नेमकी तीच पुस्तके त्या महान फेरिस्तीच्या पलीकडे राहिली. हे टिपण ती उणीव भरून काढील असा दावा करण्याची माझी योग्यता नाही. एका लेखकापुरता, एका शहराच्या एका भागापुरता, तो प्रारंभ आहे.

टिपणांच्या मांडणीविषयी दोन शब्द. प्रतींचा क्रम पुस्तकांच्या नावांनुसार लावला आहे, आणि प्रत्येक नावाखाली मुद्रणे काळानुक्रमे दिली आहेत. जेथे साल छापलेले आहे तेथे ते तसेच घेतले आहे, जेथे वर सांगितलेल्या खुणांवरून काळ ठरवला आहे तेथे त्या खुणा स्पष्ट लिहिल्या आहेत, जेणेकरून पुढील अभ्यासकाला निर्णय बदलायचा झाल्यास पुरावा त्याच्या समोर असावा. प्रत्येक प्रतीची किंमत, आकार, मुद्रणालय, चित्रकाराची सही असल्यास ती, आणि मलपृष्ठावरील याद्या नोंदल्या आहेत. वाचकांनी पुस्तकांत घातलेली नावे मात्र मी मुद्दाम वगळली असून केवळ इयत्ता, साल आणि उपनगर एवढाच तपशील ठेवला आहे. ती मुले आज आजी-आजोबा झाली असतील, आणि त्यांच्या बालपणीच्या सह्या त्यांच्या अनुमतीवाचून छापणे योग्य नव्हे. ज्या प्रतींचे मुखपृष्ठ वाचनालयाच्या बांधणीत गेले, त्याही मी तितक्याच विस्ताराने वर्णिल्या आहेत, कारण कापडी पुठ्ठ्यात बांधून ज्यांनी त्या पुन्हा मुलांच्या हाती दिल्या त्या ग्रंथपालांनी पुस्तकाला दुसरे आयुष्य दिले.

ज्यांच्या घरी भागवतांची जुनी पुस्तके असतील त्यांना माझी विनंती आहे की माळा रिकामा करताना ती वजनावर देण्यापूर्वी एकवार उघडून पाहावीत. पुस्तक पूर्ण असलेच पाहिजे असे नाही. पहिली चार पाने आणि मलपृष्ठ यांपैकी काही शिल्लक असेल, किमतीचा आकडा वाचता येत असेल, किंवा कोणा शाळेचे बक्षीसपत्र आतून चिकटलेले असेल, तर ती प्रत नोंद करण्याजोगी आहे. ती आपल्याच घरी राहिली तरी चालेल, तिच्यावरील मजकूर कागदावर उतरवून आपल्या गावच्या वाचनालयात ग्रंथपालांकडे द्यावा, आणि जमल्यास त्या पुस्तकाची मे महिन्यातली जागा घरातल्या मुलांच्या हाताला येईल अशी ठेवावी.